बादलीभर पाण्यात गाडी: रिन्सलेस वॉश नेमकं करतं काय

लोकमान्य नगरातल्या एका काकांकडे पहिल्यांदा गाडी धुवायला गेलो, तेव्हा त्यांनी अंगणातल्या नळाला पाइप लावून सगळी तयारी करून ठेवली होती. मी स्कूटरवरून १० लिटरची बादली, हातपंपाचा फवारा आणि टॉवेलांची पिशवी उतरवली आणि म्हटलं, "काका, पाइप राहू द्या. ही एक बादली तेवढी भरून द्या."

"आणि गाडी कशानं धुणार?"

"ह्याच पाण्यानं."

काकांनी बादलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे बाळा, नुसतं पुसायचंच असेल तर ते मी रोज सकाळी करतोच. तुला कशाला बोलावलं मग?"

त्यांची शंका रास्त होती. इंदुरात घरोघरी जाऊन डिटेलिंग, म्हणजे गाड्यांची बारकाईनं सफाई, करताना हा प्रश्न मला आजही रोज ऐकावा लागतो. खरं तर काकांच्या त्या रोजच्या पुसण्यातच सगळ्या विषयाची किल्ली होती. मी त्यांना बॉनेटपाशी नेलं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. गडद निळ्या रंगावर दिव्याभोवती बारीक बारीक गोल रेघांचं जाळं उजळलं, कोळिष्टकासारखं. गाडी चार वर्षांची, एकदाही ठोकलेली नाही, रोज सावलीत उभी. त्या रेघा पाडल्या होत्या काकांच्या कोरड्या फडक्यानं.

का पडतात त्या? आजच्या गाड्यांच्या रंगावर सगळ्यात वरती एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. तो साधारण ३५ ते ५० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बहुतेकांच्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. गाडीची चमक म्हणजे ह्या थराचा गुळगुळीतपणा. आणि गाडीवर बसणारी धूळ कसली असते? आपल्या माळव्यातली काळी माती तशी मऊ, पण शहरभर चाललेल्या बांधकामांमुळे हवेत वाळूही असते. वाळूतला क्वार्ट्झ खनिजांच्या कठीणपणाच्या मापावर ७ वर आहे, स्वयंपाकघरातली सुरी साडेपाचच्या आसपास. सुरीवर चरा पाडू शकेल असा कण फडक्याखाली धरून आपण प्लॅस्टिकच्या जातीच्या पातळ थरावर गोल गोल फिरवतो. रोज. चार वर्षं. मग जाळं तयार होणारच.

म्हणून गाडी धुताना खरा प्रश्न पाणी किती लागतं हा नसतोच. कण रंगावरून घासला न जाता उचलला कसा जाईल, हा असतो. पाइपवाले हे काम जोरानं करतात: भरपूर पाणी मारायचं, कण वाहून न्यायचे, मग शाम्पू. पद्धत चांगलीच आहे. रिन्सलेस वॉश, म्हणजे बादलीतल्या पाण्यात थोडं द्रावण मिसळून, नंतर पाणी न मारता नुसतं पुसून गाडी धुणं, तेच काम दुसऱ्या वाटेनं करतं.

ह्या द्रावणात दोन प्रकारची मंडळी काम करतात. पहिली म्हणजे सर्फॅक्टंट. साबणातही हीच असतात. त्यांच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलकट मळाला, त्यामुळे मळ रंगापासून सुटतो. दुसरी मंडळी म्हणजे पॉलिमर, लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू. हे धुळीच्या कणाला चिकटून त्याच्याभोवती निसरडं आवरण तयार करतात आणि रंगावरही तसाच पातळ निसरडा पदर सोडतात. तांदळाच्या पेजेत हात बुडवला की बोटं एकमेकांवरून कशी सटकतात, तसं काहीसं. आता टॉवेल फिरला की कण रंगाला टोचत नाही, सरकत जाऊन टॉवेलच्या केसाळ धाग्यांत शिरतो आणि तिथेच राहतो.

मग धुवून काढायची गरज का नाही? साध्या शाम्पूत फेस आणणारे घटक भरपूर असतात, शिवाय दाटपणासाठी बऱ्याचदा मीठही. ते रंगावर वाळलं की पांढरट पट्टे उमटतात, म्हणून शाम्पू धुवावाच लागतो. रिन्सलेसमध्ये सर्फॅक्टंट इतका थोडा आणि अशा जातीचा असतो की पुसून घेतल्यावर मागे राहतो तो फक्त पॉलिमरचा अतिपातळ पदर, आणि त्यानं उलट थोडी चमकच येते. म्हणूनच ह्या पाण्याला फेस जवळजवळ येत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, फेस नाही म्हणजे साबण नाही. पण फेस हे काही स्वच्छतेचं माप नाही.

ऑप्टिमम नो रिन्स ह्या नावाचं अमेरिकन उत्पादन ह्या प्रकारातलं सगळ्यात ओळखीचं. आता आपल्याकडेही असे बरेच ब्रँड मिळतात. घेताना बाटलीवर 'रिन्सलेस' लिहिलंय की 'वॉटरलेस', हे मात्र नीट वाचा. वॉटरलेस म्हणजे तयार स्प्रे, थेट गाडीवर मारून पुसायचा. जेमतेम हलकी धूळ असेल तर ठीक. इंदूरच्या उन्हाळ्यात आठवडाभर बाहेर उभ्या असलेल्या गाडीवर मी तो कधीच वापरत नाही, कारण तेवढ्या धुळीला तेवढा ओलावा पुरत नाही.

आता प्रमाण. बऱ्याच रिन्सलेस द्रावणांचं धुण्याचं प्रमाण १ ला २५६ असतं, म्हणजे १० लिटर पाण्यात ३९ मिली. मी खोकल्याच्या औषधासोबत येणारं १० मिलीचं मापी झाकण जपून ठेवलंय. चार झाकणं, काम झालं. फवाऱ्यातल्या २ लिटर पाण्यात ८ मिली. अर्धा लिटरच्या बाटलीत साधारण १० गाड्या होतात, तेव्हा बाटलीची किंमत भागिले १० केलं की एका गाडीचा द्रावणाचा खर्च निघतो. प्रमाण ब्रँडप्रमाणे बदलतं, बाटलीवरचं वाचून घ्या. आणि 'जरा जास्त टाकलं तर जास्त स्वच्छ होईल' असा हात सैल सोडू नका. पोह्यांवर जिरावण मसाला चिमूटभरच लागतो. द्रावण जास्त झालं की गाडी चिकट वाटते, काचेवर पट्टे येतात आणि ते काढण्यात अर्धा तास जातो.

काकांच्या गाडीवर काम कसं केलं ते सांगतो, म्हणजे पद्धत कळेल.

आधी चाकं. त्यांना वेगळी छोटी बादली, वेगळी जुनी फडकी. ब्रेकची काळी पूड लोखंडी असते, त्या फडक्यानं रंगाला चुकूनही हात लावायचा नाही. माझी चाकांची फडकी करड्या रंगाची आहेत, बाकी सगळी निळी, म्हणजे घाईत घोटाळा होत नाही.

मग मोठ्या बादलीत आठ मायक्रोफायबर टॉवेल बुडवले. स्पंज नाही, सुती फडकं नाही. स्पंजचा पृष्ठभाग सपाट, कण त्याच्या आणि रंगाच्या मध्ये अडकून घासला जातो. मायक्रोफायबरचा धागा चिरलेला असतो, त्याच्या फटींत कण आत ओढला जातो. ४० सेंटिमीटरचा टॉवेल दोनदा दुमडला की चार पदर होतात आणि उलटसुलट धरून आठ स्वच्छ बाजू मिळतात. आठ टॉवेल म्हणजे ६४ बाजू. गाडीचे पत्रे डझन-दीड डझन. म्हणजे प्रत्येक पत्र्याला तीन-चार कोऱ्या बाजू सहज मिळतात. महागातलं द्रावण आणि एकच टॉवेल, की साधं द्रावण आणि आठ टॉवेल, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून दुसरं निवडेन.

टपापासून सुरुवात. एका पत्र्यावर फवारा मारायचा आणि मिनिटभर थांबायचं. हा मिनिट नवशिक्यांना जड जातो, पण पॉलिमर कणांभोवती बसायला तो लागतोच. मग बादलीतला टॉवेल काढायचा, हलकाच पिळायचा, पाणी टपकत राहिलं पाहिजे, आणि सरळ रेषेत, एका दिशेनं ओढायचा. दाब शून्य, टॉवेलचं वजन तेवढंच पुरे. गोल गोल नाही. एक पट्टा झाला की बाजू बदलायची. मळलेला टॉवेल परत बादलीत टाकायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. आठही बाजू संपल्या की तो वेगळ्या पिशवीत जातो, त्यामुळे बादलीतलं पाणी शेवटपर्यंत स्वच्छ राहतं. पत्रा ओला असतानाच जाड, लांब धाग्यांच्या वेगळ्या टॉवेलनं टिपून घ्यायचा आणि मगच पुढचा पत्रा. टप, काचा, बॉनेट, डिकी, दरवाज्यांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी दारांखालच्या पट्ट्या आणि बंपरचा खालचा भाग, कारण तिथे मळ सगळ्यात जास्त.

काका शेजारी उभं राहून बघत होते. पहिला टॉवेल मी त्यांच्यापुढे उलगडला. एका बाजूला चहाच्या गाळासारखा पट्टा, तो बोटानं चोळला की करकरत होता. "हे तुम्ही रोज गाडीवर फिरवता, काका." त्यांनी दोन बोटांनी चोळून पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत.

पाण्याचं म्हणाल, तर हिशेब ज्याचा त्यानं करून पाहावा. आमच्या नळानं १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला १५ लिटर. पाइप १५ मिनिटं चालू राहिला तर २२५ लिटर. काकांच्या गाडीला, चाकांची छोटी बादली सोडली तर, मोठी बादली आणि फवारा मिळून १२ लिटर लागले. आणि हे पाणी इथे कुठून येतं ते विसरून चालणार नाही. १९७८ पासून इंदूर नर्मदेचं पाणी पितंय. ते नर्मदाकाठच्या जलूदहून, जवळपास ७० किलोमीटरवरून, पंपांनी विंध्याचा चढ चढवून आणतात. विजेचा खर्च एवढा, की तिथेच ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायला महापालिकेनं २०२३ साली २४४ कोटींचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीचे कर्जरोखे, काढले. एवढ्या कष्टानं वर आणलेलं पाणी गाडीवरून गटारात सोडताना मला खरोखर वाईट वाटतं. बेंगळुरूत तर मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुण्यावर ५००० रुपये दंड लावावा लागला होता.

बरेच जण चांगल्या मनानं एक चूक करतात, तीही सांगून टाकतो. आरओ मशीनमधून बाहेर पडणारं पाणी साठवून त्यानं गाडी धुतात. पाणी वाचवण्याची भावना खरी आहे, पण आरओ क्षार काढून टाकतं ते ह्याच वाया जाणाऱ्या पाण्यात. म्हणजे त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त. थेंब उडून जातो आणि कॅल्शियमचा पांढरा गोल रंगावर बसतो. तो उन्हात भाजत राहिला की निघता निघत नाही. ते पाणी फरशी पुसायला वापरा, गाडीला नको. बोअरिंगचं पाणीही आपल्याकडे बहुतेक जड असतं. रिन्सलेसमध्ये पत्रा लगेच टिपला जातो, त्यामुळे डागांना वेळच मिळत नाही, शिवाय काही द्रावणांत पाणी मऊ करणारे घटक असतात. तरी मी शक्यतो नर्मदेचंच पाणी मागतो, आणि बोअरिंगचं असेल तर एका वेळी अर्धाच पत्रा घेतो.

ऊनही तसंच. मेमध्ये दुपारी बॉनेटवर हात टेकवत नाही, तिथे फवारा मारला की मिनिटाच्या आत सगळं वाळतं, मग द्रावण काय उचलणार? उन्हाळ्यात मी सकाळी ६ ला पहिली गाडी घेतो आणि १० नंतर फक्त बेसमेंटच्या पार्किंगमध्ये.

आता जिथे रिन्सलेस वापरायचं नाही तिथलं. हे मी चूक करून शिकलो. कामाच्या पहिल्या पावसाळ्यात एक काळी एसयूव्ही आली, खंडव्याकडच्या एका शेतातून. दारांखाली काळ्या मातीचा थर अंगठ्याएवढा. ही माती ओली असते तेव्हा फुगून चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. मला वाटलं, दोनदा फवारा मारू, जास्त वेळ भिजू देऊ. वरचं निघालं, पण थराच्या आतले कोरडे कण टॉवेलखाली आले आणि दोन दारांवर ओरखडे पडले. गिऱ्हाइकाला तिथेच दाखवलं आणि पुढच्या रविवारी पॉलिश करून दिलं, पैसे घेतले नाहीत. पॉलिश म्हणजे तरी काय, क्लिअर कोटचा थोडा भाग खरवडून सपाट करणं. तो थर परत येत नाही. म्हणून आता नियमच केलाय: बोटाच्या नखानं खरवडता येईल एवढा चिखल असेल, तर आधी प्रेशरचं पाणी, मग बाकीचं रिन्सलेसनं.

रंगपंचमीचंही तसंच. गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, राजवाड्यावरून पुढे गेल्यावर आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या गाड्यांवर गुलालाचा जाड थर असतो. कोरडा गुलाल आधी ब्लोअरनं उडवून द्यायचा, हात लावायचा नाही. ओला होऊन बसलेला असेल तर दोन-तीनदा फवारून वाहू द्यायचा, मगच टॉवेल. आणि दोन-चार टॉवेलांवर त्या दिवशी कायमचे गुलाबी डाग पडतात, ते पुढे चाकांकडे जातात. रबरी पट्ट्यांत आणि काळ्या प्लॅस्टिकमध्ये शिरलेला रंग रिन्सलेसनं पूर्ण निघत नाही, तसं गिऱ्हाइकाला आधीच सांगावं.

पक्ष्यांची विष्ठा दिसली तर पुसायला जाऊ नका. ओला टॉवेल त्यावर पाच मिनिटं ठेवून द्या, मऊ झाली की उचला. डांबराचे ठिपके ह्या द्रावणानं जात नाहीत, त्याला वेगळं औषध लागतं.

टॉवेलांची निगा हा धंद्यातला अर्धा भाग. घरी आलो की सगळे टॉवेल बादलीत भिजवतो, गाळ खाली बसतो, ते पाणी टाकून मग मशीनमध्ये पातळ डिटर्जंटनं धुतो. सोबत सुती कपडे नाहीत, नाहीतर सगळी लव टॉवेलला चिकटते. कपडे मऊ करणारं कंडिशनर अजिबात नाही, ते धाग्यांच्या फटी बुजवतं आणि टॉवेल पाणी ओढेनासा होतो. कडक गरम पाणी नाही, इस्त्री नाही. सावलीत वाळवून झाकणाच्या डब्यात. आणि टॉवेल जमिनीवर पडला की त्या दिवसापुरता तो बाद, कितीही झटकला तरी.

ज्यांना हे काम धंदा म्हणून करायचंय त्यांना एवढंच सांगेन की ह्यातला खरा फायदा जागेचा आहे. नळ नको, वीज नको, टँकर नको. बहुमजली सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, ऑफिसच्या पार्किंगमध्ये, जिथे पाणी सांडायला सक्त मनाई, तिथे तुम्ही काम करू शकता. छोट्या गाडीला मला पाऊण तास लागतो, मोठीला सव्वा तास. उरलेलं बादलीतलं पाणी सोसायटीच्या सांडपाण्याच्या नालीतच ओतायचं, झाडाच्या आळ्यात किंवा रस्त्यावर नाही. २०१७ पासून कित्येक वर्षं देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात पहिलं आलेल्या गावात हे वेगळं सांगायला लागू नये, पण सांगतो.

एक गोष्ट मात्र मनाला फार लागते. आपल्या सगळ्या सोसायट्यांमध्ये सकाळी गाड्या पुसणारी मुलं येतात. एक बादली, एक फडकं, वीस-पंचवीस गाड्या. पाचव्या गाडीपर्यंत पाणी गढूळ होतं आणि पुढच्या वीस गाड्यांवर पहिल्या पाचांची वाळू फिरते. त्यांना दोष कसा देणार? महिन्याला गाडीमागे थोडके पैसे मिळतात आणि त्यांना कुणी कधी काही शिकवलेलं नसतं. राजेंद्र नगरातल्या एका सोसायटीत असा एक मुलगा माझं काम पाहत उभा राहायचा. त्याला मी वीस जुने टॉवेल, मापाचं झाकण आणि एक बाटली दिली. गाडीमागे एकच टॉवेल मिळतो, पण प्रत्येक गाडीला कोरा, आणि आधी फवारा. तेवढ्यानंही खूप फरक पडतो.

मागच्या आठवड्यात त्यानं मला हाक मारली. बादली तिरकी करून तळ दाखवला. पाणी एवढं स्वच्छ की तळाशी ब्रँडचं उठावाचं नाव वाचता येत होतं. "बघा दादा, बारा गाड्या झाल्या," तो म्हणाला, आणि तेराव्या गाडीच्या टपावर फवारा मारून मिनिटभर थांबला.